वऱ्हाडच्या रंगमंचावर माणसं हलणार कधी?

गेल्या काही हंगामांत अमरावतीला आणि अकोल्याला हौशी रंगभूमीवर जे पाहिलं, त्यातलं बरंचसं एकाच चित्रात मावतं. उजवीकडे बाज, बाजेवर शेतकरी. मागे मधोमध लोंबणारा दोर. डावीकडे चूल आणि चुलीपाशी डोक्यावर पदर घेतलेली बाई. शेतकरी प्रेक्षकांकडे तोंड करून बोलू लागतो आणि बोलतच राहतो. बाई रडते. सावकार येतो, तोही बोलतो. शेवटी दोरावर लाल प्रकाश पडतो आणि पडदा. विषय खरा आहे, लिहिणाऱ्याची कळकळही खरी आहे. तरीही मी नाट्यगृहातून बाहेर पडतो तो संतापून. ज्या माणसाचं सगळं आयुष्य वाकण्यात, उचलण्यात, ओढण्यात गेलं, त्याला आपण रंगमंचावर आणतो आणि बसवून ठेवतो. त्याला पाय आहेत, पाठ आहे, याची आठवणच दिग्दर्शकाला होत नाही.

बाकीच्या प्रवाहांवर फार शाई खर्च करायचं कारण नाही. दूरचित्रवाणीनं वऱ्हाडी बोलीला हशाचा हुकमी माल करून टाकलं, तो व्यवहार तिथेच राहू द्यावा. मुंबईहून सांस्कृतिक भवनात सोफ्याभोवतीची नाटकं येतात, चालतात, जातात. एकपात्रींची लाट आली ती खर्च झेपेना म्हणून.

मला बोलायचं आहे ते देहानं लिहिल्या जाणाऱ्या नाटकाबद्दल. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हापासून मराठी दिग्दर्शकाला हे माहीत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत यांची चर्चा भरपूर झाली. कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेचा उल्लेख मात्र श्रेयनामावली वाचल्यासारखा होतो. नाटकातली ती ब्राह्मणांची रांग पाठ फिरवते तेव्हा भिंत होते, वळते तेव्हा शहर होते. सत्तेपुढे माणसं कशी डुलतात हे नाटककार तेंडुलकरांच्या संहितेत आहेच, पण ते प्रेक्षकाच्या अंगात शिरलं ते त्या डुलण्यामुळे.

पुढे ही वाट सर्वांत हट्टानं चालले ते वामन केंद्रे. बीड जिल्ह्यातल्या भारुडाच्या घरातून आलेला हा माणूस राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला, केरळच्या लोकनाट्याचा अभ्यास करून आला आणि १९८७मध्ये ‘झुलवा’ उभा केला. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातार यांचं नाट्यरूप. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणींचा विषय कोणाच्याही हाती बसून रडण्याचा झाला असता. पण डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगतिणीला मान खाली घालता येत नाही. मान ताठ, नजर समोर, कंबर आणि पाय मात्र चौंडक्याच्या ठेक्यावर चालतात. वरून देवीचं ओझं, खालून नाचण्याची सक्ती, आणि या दोहोंमध्ये अडकलेली बाई. एवढं सगळं त्या एका उभं राहण्यात आहे, त्यासाठी वाक्य लागत नाही. केंद्रे यांचं मोठेपण हे, की त्यांनी ही रीत सजावट म्हणून उचलली नाही, तिच्यातून नाटकाचा कणा घडवला. त्यांचा समूह गाणं संपलं की विंगेत पळत नाही. तो माणसाभोवती आवळत जातो, आणि एकट्या माणसाला सुटायला जागा उरत नाही.

‘रणांगण’मध्ये पानिपत उभं करताना आणि मच्छिंद्र मोरे यांच्या ‘जानेमन’मध्ये तृतीयपंथीयांचं जग दाखवताना त्यांनी हाच विश्वास धरला, की माणसांचा घोळका कसा सरकतो यावरून समाज कळतो. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स त्यांनी उभारली, २०१३पासून पाच वर्षं राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं संचालकपद सांभाळलं, २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. अलीकडच्या ‘गजब तिची अदा’नं मात्र मला निराश केलं. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या सूत्रावर रचलेल्या त्या नाटकात युद्ध थांबवायला निघालेल्या बायका देखण्या हलतात, एकसारख्या वळतात, पण त्यांच्या अंगावर कसलंही ओझं जाणवत नाही. ‘झुलवा’त प्रत्येक पाऊल कुणाला तरी महागात पडत होतं. कवायत सफाईदार झाली आणि किंमत गेली. तरीही केंद्रे यांचं फसलेलं नाटक मला आपल्याकडच्या पारितोषिकप्राप्त बाजेपेक्षा जास्त शिकवून जातं.

इथे कुणीतरी नाटककार एलकुंचवारांचं नाव घेणार, हे मला ठाऊक आहे. ‘वाडा चिरेबंदी’ तर बोलण्याचंच नाटक, आणि ते आपल्या मातीतलं सर्वांत मोठं नाटक. कबूल. पण वहिनी पिढीजात दागिने अंगावर चढवते तो प्रसंग आठवून पाहा. एकेक दागिना चढत जातो तशी ती बाई बदलत जाते, घरातल्या मेलेल्या बायकांचं वजन तिच्या खांद्यावर येऊन बसतं. अंगणातल्या ट्रॅक्टरनं जखमी झालेला चंदूचा पाय सगळ्या नाटकात ठसठसत राहतो. एलकुंचवारांची माणसं थांबलेली आहेत, कारण वाड्यानं त्यांना थांबवलं आहे. ते थांबणं नाटककारानं कमावलेलं आहे. आपली माणसं बसतात, कारण त्यांना उठवून काय करायचं हे आपल्या दिग्दर्शकाला सुचलेलं नसतं.

आणि शेजारी पाहा. बुलडाण्याची हद्द ओलांडली की जालना. तिथल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी शेतकरी पोरांना घेऊन ‘आकडा’ केलं, पुढे नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ महाराष्ट्रभर गाजलं. त्या नटांच्या पायात वावर होतं, ते लपवायची गरज त्यांना वाटली नाही. इकडे वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी श्याम पेठकरांचं ‘तेरवं’ केलं ते आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांनाच रंगमंचावर उभं करून. त्या बाया नुसत्या एका ओळीत उभ्या राहिल्या, तरी आपल्या स्पर्धांतला सगळा लाल प्रकाश खोटा ठरतो. इंफाळचे रतन थिय्याम यांनी १९७६मध्ये कोरस रेपर्टरी उभी केली ती दिल्लीपासून दूर, आपल्याच गावाच्या कडेला. ‘चक्रव्यूह’ जगभर गेलं ते तिथून. तेव्हा अकोल्याला मुंबई लांब पडते, ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

कारण देहाच्या बाबतीत वऱ्हाड गरीब कधीच नव्हतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. तिथल्या मुलांनी १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळ जगाला करून दाखवले. मल्लखांबावर उलटा लटकून श्वास रोखणारा पोरगा याच शहरात आहे आणि नाटकाच्या तालमीला त्याला कुणी बोलावत नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी पाहिलेली माणसं अजून आहेत. तिथे ठेका आधी खांद्यात यायचा, मग हातात. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून बोलतं करायचे. दिवसाचा देह आणि रात्रीचा शब्द एकच होता. गावोगावची दंडार आहे. मेळघाटात कोरकूंचं गदली-सुसून आहे, बायकांची साखळी ढोलकी-बासरीवर संथ सरकते, घाई नाही, उसळी नाही. तेच नृत्य विद्यापीठाच्या युवा महोत्सवात येतं तेव्हा त्याची गत पाहवत नाही. वेग दुप्पट, कपडे चकाकते, शेवटी मनोरा आणि मनोऱ्यावर एक मुलगी हात पसरून. कोरकू बाईच्या पावलातला संयम बसवायला महिनाभर लागेल, मनोरा आठवड्यात बसतो.

मला म्हणायचं आहे ते एका उदाहरणानं सांगतो. कापूस वेचणारी बाई पाहा. कमरेला ओटी बांधलेली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत रुततात, म्हणून ती बोंड धरते एका हातानं आणि कापूस उपसते दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी, झटका न देता, पत्ती न येऊ देता. सकाळी ओटी रिकामी असते तेव्हा पाऊल सरळ पडतं. ऊन चढत जातं तशी ओटी पुढे फुगत जाते, पाठ मागे रेलते, दोन पायांतलं अंतर वाढतं. दिवस भरलेल्या बाईसारखी ती चालू लागते, आणि जे वाहते आहे ते तिचं नाही. मजुरी किलोवर आहे. यात कर्ज आहे, भाव आहे, बाईपण आहे. आपले लेखक हे सगळं तिच्या तोंडी घालतात. एखाद्या दिग्दर्शकानं पंधरा बायांच्या ओट्या एका अंकात नुसत्या भरत नेल्या, तर त्या बाजेवरच्या शेतकऱ्याला बोलायची गरजच उरणार नाही.

यावर उत्तर मिळतं की नट नोकरी करून संध्याकाळी येतात, तालमीला दोन तास मिळतात, नृत्यदिग्दर्शक परवडत नाही. मग तेच दोन तास महिनाभर संहितावाचनात का जातात? अंगाची तालीम पहिल्या दिवसापासून का नाही? बाहेरचा नृत्यदिग्दर्शक कशाला हवा? दंडारीतला म्हातारा नाचा बोलवा, व्यायाम मंडळातला प्रशिक्षक बोलवा, मजूर बाईला तिची मजुरी देऊन बोलवा आणि नटांना तिच्यामागे चालायला लावा. आणि यातलं निम्मं पाप स्पर्धेच्या नियमांचं आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला पारितोषिक आहे, नेपथ्याला आहे, रंगभूषेला आहे. माणसं रंगमंचावर कशी हलवली याला स्वतंत्र पारितोषिक नाही. ज्याला गुण नाहीत त्यावर कुणी वेळ घालवत नाही, हा आपल्या हौशी संस्थांचा अनुभव आहे. परीक्षकांच्या तक्त्यात देहरचनेचा एक रकाना वाढवायला शासनाला पैसा लागत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या संस्थांनी एकत्र येऊन सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे तो मागावा. मिळेपर्यंत आपापल्या एकांकिका स्पर्धांत तो स्वतःहून सुरू करावा, येत्या हंगामापासूनच.