तिसरे प्रकरण आणि पेणचा कौल

माध्यम-अभ्यासातील पदव्युत्तर लघुप्रबंधात ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण बहुधा तिसरे असते आणि बहुधा सर्वांत शेवटी लिहिले जाते. सर्वेक्षण, मुलाखत, आशयविश्लेषण यांच्या व्याख्या त्यात एकामागून एक येतात. मात्र पुढच्या प्रकरणातील एखादे विधान त्या व्याख्यांवाचून अडले असते, असे क्वचितच आढळते. याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे. पद्धती शिकवताना तिला प्रत्यक्ष सामग्रीसमोर उभे केलेच जात नाही, हे त्याचे अधिक खरे कारण होय.

अशी सामग्री शोधण्यास रायगड जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांत योजलेल्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचा कौल शासनाने घेतला. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही आणि तो प्रकल्पही पुढे तेथे उभा राहिला नाही. वृत्तपत्रांनी हा कौल कसा मांडला, हा लघुप्रबंधाला साजेसा, आटोपशीर विषय वाटतो. तो तसा आटोपशीर नाही, यातच त्याचे शैक्षणिक मूल्य आहे.

पहिली अडचण नमुनानिवडीची. दीर्घ कालखंडातील वृत्तपत्रांसाठी ‘रचित सप्ताह’ हे तंत्र सुचविले जाते: एका आठवड्यातील सोमवार, दुसऱ्यातील मंगळवार, असे सात वार यदृच्छेने जुळवायचे. सर्वसाधारण प्रवृत्ती पाहण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु कौल झाला तो रविवार होता; त्याची बातमी सोमवारच्या, २२ सप्टेंबरच्या अंकात शोधावी लागते. यदृच्छेने निवडलेल्या सोमवारांत नेमका हाच सोमवार येण्याची शक्यता फार थोडी. शिवाय त्याच्या आदल्याच सोमवारी, १५ सप्टेंबरला, अमेरिकेत लेहमन ब्रदर्सचे दिवाळे वाजले होते. पहिल्या पानावरील जागेसाठी खारेपाटातील गावांची स्पर्धा कशाशी होती, हे केवळ रकाने मोजणाऱ्यास कळणार नाही.

दुसरी अडचण मोजण्याच्या एककाची. ‘पेण’ हा शब्द मोजावा, तर २००८ साली ३ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि पेण म्हणजे गणेशमूर्ती हे समीकरण मराठी वृत्तपत्रांत दरवर्षी ठरलेले. मूर्तींच्या रंगाची बातमी आणि जमिनीच्या कौलाची बातमी एकाच आकड्यात जमा व्हायची. ‘शेतकरी’ हा वर्ग धरावा, तर सातबाऱ्यावर नाव असलेला, कुळाने जमीन कसणारा, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा कातकरी हे सारे त्या एका शब्दाखाली नाहीसे होतात. आणि कौल कोणाचा घेतला गेला, हा प्रश्न तर नेमका तेथेच आहे.

बेरेलसन यांनी १९५२ साली आशयविश्लेषण व्यक्त आशयाच्या वस्तुनिष्ठ व संख्यात्मक वर्णनापुरते सीमित केले. ही व्याख्या अनेक लघुप्रबंधांत आढळते. त्याच वर्षी क्राकाउअर यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप मात्र तेथे सहसा पोहोचत नाही. संहितेचे घटक सुटे करून मोजले की त्यांचे परस्परसंबंध निसटतात, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. मराठीच्या विद्यार्थ्याला हे अपरिचित नाही. कादंबरीतील निवेदक कोणाच्या बाजूने पाहतो, हे तो शिकलेला असतो. एकच जमीन एका वाक्यात ‘लाभक्षेत्र’ आणि दुसऱ्यात ‘खाजण’ म्हणून आली, तर पहिल्या शब्दात धरणाच्या पाण्याचे आश्वासन आहे आणि दुसऱ्यात ती फारशा मोलाची नसल्याची सूचना. तीच गोष्ट ‘मतदान’, ‘मतचाचणी’, ‘जनसुनावणी’ या शब्दांची. यांतला कोणता शब्द निवडला गेला, यावर त्या रविवारचे राजकीय वजन ठरते. हे वाचन संख्येला पर्याय नव्हे. काय मोजावे हे त्यातून निश्चित होते. वाङ्मयीन समीक्षेचे हे शिक्षण माध्यम-अभ्यासाच्या दारात चपलांसारखे काढून ठेवण्याची रीत अनाकलनीय आहे.

ग्रहणाचा प्रश्न आला की रोह्याकडे वळावे लागते. रोहा तालुका या प्रकल्पक्षेत्राबाहेरचा; परंतु धाटावची रासायनिक वसाहत आणि कुंडलिका नदी यांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकास ‘प्रकल्प’ हा शब्द अनुभवाने ठाऊक आहे. नोकरी आणि पाणी, दोन्ही अंगांनी. रायगडच्या पानावरील तीच बातमी पेणमध्ये आणि रोह्यात एकाच अर्थाने वाचली गेली असेल, असे गृहीत धरता येत नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलेले विसंकेतनाचे तत्त्व येथे तपासून पाहता येते. नुसते उद्धृत करण्यात हशील नाही. त्यासाठी प्रश्नावलीची भाषाही बदलावी लागेल. ‘विशेष आर्थिक क्षेत्राविषयी आपले मत नमूद करावे’ या वाक्याला गावात उत्तर मिळते ते सरकारी कागदाला द्यायचे उत्तर असते. ‘सेझच्या वेळी पेपर कोण वाचून दाखवायचं?’ असे विचारल्यास बोलणे सुरू होण्याची शक्यता अधिक.

आणि आज घेतलेल्या मुलाखतीचा आणखी एक पेच आहे. प्रकल्प झाला नाही, हे उत्तर देणाऱ्यास आता ठाऊक आहे. हरलेल्या बाजूला आपण होतो असे सांगणारा माणूस इतक्या वर्षांनी सहज भेटत नाही; त्या वेळी संमती देऊ पाहणारा किंवा दोलायमान असणारा शेतकरी स्मरणातून आधीच गळालेला असतो. त्याचा माग लागला तर २००८ च्या छापील मजकुरातच, एखाद्या वाचकपत्रात किंवा आतल्या पानावरील चार ओळींत. म्हणून मुंबई आवृत्तीची फाइल चाळून न थांबता जिल्ह्याच्या पानांचे अंक मिळवणे आणि कोणते अंक मिळाले नाहीत त्यांच्या तारखा तिसऱ्या प्रकरणात नोंदवणे भाग आहे.