मालकाने लिहिलेले गाव

रॉबर्ट ओवेनला 'स्वप्नाळू समाजवादी' अशी चिठ्ठी चिकटवून आपण पुढे मार्क्सकडे वळतो. त्याचे 'अ न्यू व्ह्यू ऑफ सोसायटी' मात्र क्वचितच वाचले जाते. १८१३ पासून प्रसिद्ध झालेले हे चार निबंध मी वाचले ते एका गावाचे चरित्र म्हणून. ते गाव म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या धबधब्यांखाली वसलेले न्यू लॅनार्क. डेव्हिड डेलने १७८५-८६ मध्ये पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतगिरण्यांसाठी ते वसवले. १८०० साली त्याचा जावई ओवेन तेथे कारभारी झाला.

माणसाचा स्वभाव तो स्वतः घडवत नाही, परिस्थिती घडवते, हे ओवेनचे मुख्य प्रतिपादन. ते त्याने कृतीतही आणले. दहा वर्षांखालील मुलांना गिरणीत घेणे थांबवले, १८१६ मध्ये शाळेसाठी संस्था उघडली. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे गिरण्या बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा कामगारांना सात हजार पौंडांवर पगार दिला, असे तो सांगतो. त्या काळी हे थोडेथोडके नव्हते.

तरीही पुस्तक मिटल्यावर मन अस्वस्थ होते. ओवेन येण्यापूर्वीचे गावकरी येथे दारुडे आणि चोर म्हणून येतात, नंतरचे सुधारलेले म्हणून. बोलत कोणीच नाही. गिरणीमालकांना उद्देशून तो लिहितो, की निर्जीव यंत्रांची एवढी निगा राखता, तर सजीव यंत्रांची राखल्यास लाभ अधिकच होईल. मालकांना पटावे म्हणून योजलेली ही युक्ती, असा बचाव करता येईल. पण प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगून काळ्या रंगाने वाईट आणि पांढऱ्याने उत्तम वर्तन दाखवण्याची पद्धतही त्याचीच. ती पाहता मला हा निव्वळ शब्दांचा प्रश्न वाटत नाही. करुणा आहे, पण ती वरून खाली येते.

ओवेनने १८२५ मध्ये गाव सोडले. गिरण्या चालू राहिल्या त्या १९६८ पर्यंत. पुढच्या काळात तेथे मासेमारीची जाळी आणि कॅनव्हासही तयार झाले. मग घरे ओस पडली आणि १९७० मध्ये गिरण्या भंगाराचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे गेल्या. १९७४ मध्ये संवर्धनासाठी न्यास स्थापन झाला. १९८३ च्या सक्तीच्या खरेदीने इमारती वाचल्या. एका गिरणीत १९९८ मध्ये हॉटेल सुरू झाले आणि २००१ मध्ये गाव जागतिक वारसा ठरले.

येथे ओवेनच्या पुस्तकाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याच्या कीर्तीवाचून या भिंतींसाठी एवढी धडपड झाली असती असे वाटत नाही. पण त्याच कीर्तीने एकशे ब्याऐंशी वर्षांच्या गिरणीवर पंचवीस वर्षांची सावली पाडली. अखेरच्या पाळीला भोंगा ऐकून घरी परतलेल्यांचे गाव ओवेनच्या गावामागे झाकले गेले.

न्यू लॅनार्क बंद पडण्याच्या दोनच वर्षे आधी, १९६६ साली, नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' आला. तेथे गिरणगावाचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो, आपली शाळा आपणच सांगतो. मालकाने उघडलेली शाळा आणि कामगाराने रस्त्यावर शोधलेले विद्यापीठ यांतले अंतर ओवेनच्या सद्हेतूने भरून निघत नाही. दगडी गाव जपले गेले याचा आनंद आहे. त्या गावाचा सुर्वे मात्र मला या पुस्तकात सापडला नाही.