‘ऑथेल्लो’तला ‘ऑनेस्ट’

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठलं. म्हणाले, “अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावा, असं तुम्ही सांगता. पण संदर्भच फसवा निघाला तर?” प्रश्न मला आवडला. आज त्यावरच बोलतो, शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ समोर ठेवून.

आधी एक सोपा शब्द. इयागो हा ऑथेल्लोचा ‘एन्शंट’. कॉलेजात हे वाचून मी त्याला म्हाताराच समजलो होतो! पुढे तो स्वतःचं वय सांगतो, ते निघतं २८. म्हणजे ‘प्राचीन’ चालणार नाही. मग आजूबाजूला बघायचं. कॅसिओ लेफ्टनंट झाला आणि आपण खालीच राहिलो म्हणून हा जळतोय. तेव्हा हे सैन्यातलं पद असणार. आहेच, निशाण धरणाऱ्याचं. इथे संदर्भ सरळ आहे, काम भागलं.

‘ऑनेस्ट’ला तसं भागत नाही. हा शब्द, त्याच्या नामरूपासकट, या नाटकात पन्नासाहून जास्त वेळा येतो. विल्यम एम्पसनने १९५१ सालच्या आपल्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. आपल्या गाइडांत मात्र सगळीकडे एकच अर्थ, ‘प्रामाणिक’. आता बघा, डेस्डेमोना ‘ऑनेस्ट’ आहे का, असं ऑथेल्लोला वाटायला लागतं, तेव्हा ती खरं बोलते का, एवढाच तो प्रश्न नसतो. त्या काळी बाईच्या बाबतीत हा शब्द शीलाचा. म्हणून तर लोक जिला वेश्या म्हणतात ती बियांकासुद्धा शेवटी ‘ऑनेस्ट’पणाचा दावा करत उसळते. आणि हाताखालच्या माणसाला हाच शब्द लावला की त्यात पाठ थोपटणं येतं, ‘भला माणूस हो’ अशा थाटाचं. ते इयागोला झोंबतं, हे एम्पसनचं म्हणणं मला पटतं.

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक आणलं, १८९० साली देवलांचं ‘झुंझारराव’ आलं. कुठल्याही मराठी भाषांतरकाराची इथे पंचाईतच आहे. पुरुषाला ‘प्रामाणिक’, बाईला ‘शीलवती’ असे दोन शब्द घेतले की अर्थ नेमका उतरतो, पण दोघांना बांधणारा धागा तुटतो. इंग्रजीत एकच शब्द इयागोच्या पदरात पडत राहतो आणि डेस्डेमोनाच्या हातून सुटत जातो. कानाला ते ऐकू येतं.

आता मूळ प्रश्न. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ ‘ऑनेस्ट’ नाही का? इयागो उत्तर देत नाही. तोच शब्द प्रश्नासारखा परत करतो, आणि थांबतो. बस्स! शब्द होता तोच राहिला, बदललं ते त्याच्या भोवतालचं. ऑथेल्लो मूर्ख नाही हो. असं अडखळणं लबाडाची युक्तीही असू शकते, हे तो स्वतः बोलून दाखवतो. पण सरळ माणूस अडखळला तर ते मनातून येतं, असंही त्याला वाटतं. आणि इयागो सरळ, हे त्याने आधीच धरलेलं असतं. आपण करतो तेच तो करतोय, संदर्भावरून अर्थ लावतोय. फक्त हा संदर्भ इयागोने पुरवलेला आहे.

आपण प्रेक्षक फसत नाही, कारण पहिल्याच प्रवेशात इयागो आपल्याला पुरता कळलेला असतो. ऑथेल्लो त्या प्रवेशात नसतो.