मुक्ताचा प्रश्न आणि ख्रिस्ती उत्तर

१८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन अंकांत छापून आला. लिहिणारी मुक्ता ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांगाची मुलगी. दलित साहित्याचा पूर्वेतिहास सांगताना आपण तिचे नाव आदराने घेतो. पेशवाईतील छळाचे तिने दिलेले तपशील भाषणांतून, व्याख्यानांतून उद्धृत करतो. पण त्या निबंधाच्या गाभ्याशी असलेला एक प्रश्न आपण फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. वेद ब्राह्मणांचे, ते पाहण्याचाही अधिकार आम्हाला नाही. मग आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो, आणि पुस्तक नाही म्हणजे धर्मही नाही, असा तर्क मुक्ता लावते, आणि आमचा धर्म कोणता हे सांग, असे थेट देवालाच विचारते.

या एका प्रश्नात दोन मागण्या आहेत. देव मधल्या दलालाशिवाय गाठता आला पाहिजे आणि पुस्तक उघडे असले पाहिजे. हा प्रश्न एका ख्रिस्ती नियतकालिकात छापला गेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण 'देव आपल्याजवळ आला' आणि 'शास्त्र सर्वांसाठी आहे' हे दोनच दावे ख्रिस्ती धर्मविचाराने या देशात सर्वांत मोठ्या आवाजात केले. ते दावे मुक्ताच्या प्रश्नापुढे कितपत टिकतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी ख्रिस्ती नाही. १९५६ नंतरच्या धम्मसंस्कारात मी वाढलो आहे आणि ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघालेला आहे. तरीही हा विचार तपासावा असे मला वाटते, कारण अहमदनगर-जालन्याकडच्या कित्येक गावांत बौद्ध वस्ती आणि ख्रिस्ती वस्ती एकमेकींना लागून आहेत. दोघांचे पूर्वज एकाच वेशीबाहेर राहत होते. शेजाऱ्याने कोणत्या पुस्तकाच्या आधारे मान वर केली, हे समजून न घेता आपण समाजपरिवर्तनाची भाषा बोलत असू, तर ती भाषा अपुरीच राहणार.

१

मराठीत ख्रिस्ती ग्रंथलेखनाची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांच्या हाती त्यांच्याच ओवीत दुसरे पुराण द्यावे, हा त्यामागचा हेतू. मराठीवरील त्याचे प्रेम निर्विवाद आहे. पण ओवी बदलली नाही तशी जातही बदलली नाही. गोव्याच्या चर्चमध्ये बामण, चारडो, सुदीर हे भेद पुढे शतकानुशतके नांदले. पुढे १८११ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. पुस्तक छापले गेले, स्वस्त झाले, गावोगाव पोहोचले. तेव्हा नव्याने प्रश्न उभा राहिला तो असा की, हे पुस्तक वाचून वाचणाऱ्याने काय करायचे?

या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडलेली मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेली आपली इंग्रजी साक्ष मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले, पण वेदांच्या दाराशी तेही थांबले. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले तेव्हा कुठे ते रमाबाईंच्या हाती आले. स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे धुंडाळली. तेव्हा त्यांना दिसले की, बाकी सर्व बाबतींत ही शास्त्रे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. स्त्रियांच्या नीचपणाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे, आणि शूद्रांचे भागधेयही त्याच तराजूत तोललेले आहे. शास्त्राचे प्रयोजन काय, याचे उत्तर त्यांना शास्त्रानेच दिले. कोणी किती दूर उभे राहायचे हे ठरवणे, हेच ते प्रयोजन!

इथे रमाबाई मुक्ताच्या जवळ येतात. पण जवळ येतात, बरोबरीने उभ्या राहत नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. रमाबाईंना वेद नाकारले गेले, संस्कृत आणि पुराणे मिळाली. मुक्ताच्या जातीला अक्षरच नाकारले गेले होते. उच्चवर्णीय स्त्रीच्या वेदनेला आणि अस्पृश्य स्त्रीच्या वेदनेला एकच नाव दिले की समीक्षा सोपी होते. पण ती खोटीही होते.

रमाबाईंनी शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० साली लग्न केले. सिल्चरच्या त्या घरात त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हापासून इंग्रज चर्चशी त्यांचे वाद सुरू झाले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे वाद पाहायला मिळतात. भटांच्या जोखडातून कष्टाने सुटलेली ही बाई गोऱ्या धर्मगुरूंचे जोखड खांद्यावर घ्यायला तयार नाही. पुस्तकात नसलेला सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून ती मानत नाही. पुस्तक ही तिच्यासाठी सत्तेला प्रश्न विचारण्याची जागा आहे.

म्हणूनच जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. ख्रिस्ती मताचा विजय साजरा करणे हा त्यांचा हेतू नव्हता. एका स्त्रीने ग्रंथ वाचून, पारखून, नाकारले, हे त्यांना मोलाचे वाटले. मात्र जोतीराव त्याच्याही पुढे गेले. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच कुटुंबातील माणसे निरनिराळे धर्म स्वीकारून प्रेमाने नांदू शकतील, असे घर त्यांनी कल्पिले. कोणतेही एक पुस्तक अखेरचे मानण्याची तिथे गरजच उरत नाही. रमाबाई इथवर आल्या नाहीत. हिंदू शास्त्रांना जे प्रश्न त्यांनी निर्भयपणे विचारले, ते बायबलला विचारले नाहीत. चर्चपुढे न झुकलेली ही बुद्धी पुस्तकापुढे झुकली.

तरीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी जे केले त्याला तोड नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुळावरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीच्या जबाबदारीवर पुरे केले. पंडिती संस्कृत टाळून अल्पशिक्षित बाईला समजेल अशी मराठी लिहावी, ही त्यांची प्रतिज्ञा होती. दुष्काळातून वाचलेल्या मुली तिथल्या छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. १९२४ साली, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ज्यांना शास्त्र ऐकण्याचीही बंदी होती त्यांनी शास्त्र खिळ्याखिळ्याने उभे केले, ही मराठी ग्रंथव्यवहारातील क्रांतिकारक घटना आहे, आणि आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. भाषांतराचे दोष मी झाकत नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहाने वाक्ये अवघडली, आणि चर्चच्या नित्य वापरात ते रुजले नाही. शब्द सोपे झाले, पण बोलणाऱ्या माणसाचा श्वास त्यांत आला नाही.

२

आता देवाच्या जवळिकीकडे वळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ताला भक्तिपरंपरेच्या वाटेने गाठले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या अभंगांतील आर्तता खरी आहे. तिचा उपहास करणे हे अरसिकपणाचे होईल. पण दलित वाचक म्हणून मला इथे थांबून विचारावेसे वाटते की, भक्तीतला जवळचा देव नेमका कोणाच्या जवळ होता? चोखोबाच्या हृदयात विठ्ठल होता, असे आम्हाला सांगण्यात येते. हृदयात असेल, पण चोखोबाचे शरीर देवळाबाहेरच राहिले, आणि त्यांची समाधीही महाद्वारासमोर आहे. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले होण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले. हृदयातली जवळीक आणि देहाचे अंतर ही दोन्ही शेकडो वर्षे सुखाने एकत्र नांदू शकतात. म्हणून देव मनाच्या किती जवळ आहे, हा आमचा प्रश्न नाही. त्याच्या नावाने माणूस माणसाच्या किती जवळ आला, हा आहे.

या कसोटीवर मला टिळकांच्या काव्यापेक्षा लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' अधिक मोलाची वाटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही ही बाई दीर्घकाळ आपले सोवळे जपते. पुढे एके दिवशी ती जातीचा विचार करू लागते. या जाती देवाने केल्या की माणसाने, असे ती स्वतःलाच विचारते. तिचे तर्कशास्त्र स्वयंपाकघरातले आहे, आणि निष्कर्षही तिथलाच. आता आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ, असे ती ठरवते. बाप्तिस्म्याआधीच हे घडते. देवाचे जवळ येणे इथे पाण्याच्या भांड्यातून होते. धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथात जे सापडत नाही ते लक्ष्मीबाई दोन पानांत सांगून जातात.

पाण्याच्या भांड्यावरून आठवण होते ती योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची. रमाबाईंना ही गोष्ट लंडनमधील फुलहॅम येथे एका भगिनीने सांगितली. तिथे 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सांभाळले जात होते; हे पाहून रमाबाई हलल्या आणि याचे कारण विचारू लागल्या. त्या ही गोष्ट सांगतात तेव्हा भर पडतो तो पाप्यांवरील ख्रिस्ताच्या प्रेमावर आणि स्थळाला न बांधलेल्या, स्त्रीलाही खुल्या असलेल्या उपासनेवर. तो अर्थ योग्यच आहे. पण आम्ही तीच गोष्ट वाचतो तेव्हा डोळा विहिरीवर खिळतो. तहानलेला यहुदी पुरुष परक्या, हीन मानलेल्या जमातीच्या बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण दोन्ही जमातींत भांड्याचा व्यवहार नाही. देव तिच्या जवळ येतो तो दाता म्हणून येण्याआधी मागणारा म्हणून येतो. तिच्या हातचे पिण्यासाठी येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या समाजाला या गोष्टीचे भाष्य दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. पण नेमके हेच भाष्य शंभर वर्षांच्या मराठी प्रवचनांत कितीदा झाले?

३

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार आदराने केला. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतल्याचे त्यांनी सांगितले. पण अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील त्यांचा लेख (मृत्यूनंतर, १९८९ साली शासनाने काढलेल्या पाचव्या खंडात तो छापला गेला) निष्ठुरपणे स्पष्ट आहे. मिशनऱ्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले. पण धर्मांतरितांतील जात मोडण्याचा झगडा नेटाने दिला नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा अधिक खोल आहे. पाप माणसाच्या आत आहे, असे शिकवले की माणूस आपल्या दुर्दशेचे कारण भोवतालच्या व्यवस्थेत शोधत नाही. अस्पृश्य माणूस आधीच कर्मविपाकाने खचलेला. त्याच्या खांद्यावर आदिपापाचे ओझे ठेवून त्याला सांत्वन देणे म्हणजे त्याचा विद्रोह विझवणे होय.

या आक्षेपाला ख्रिस्ती गोटातून गंभीर उत्तर आले ते मराठी मातीशी नाते असलेल्या अरविंद निर्मळ यांच्याकडून. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली, आणि पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात दलित ईश्वरविद्येचा विभाग सांभाळला. भारतीय ख्रिस्ती चिंतन आजवर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच संवाद करीत राहिले. चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांच्या दुःखाला त्यात स्थान नाही, हा त्यांचा आरोप. त्यांचा देव सेवक आहे. झाडणाऱ्याचे, धुणाऱ्याचे काम करणारा आहे. त्यांचा ख्रिस्त स्वतः दलित आहे. क्रूसावर तो तुटतो, आणि 'दलित' या शब्दाचा अर्थही तोच. व्यवस्थेचे पाप माणसाच्या माथी मारण्याऐवजी निर्मळ देवालाच वेशीबाहेर आणून उभा करतात.

ही मांडणी धाडसी आहे. माझी तिच्याशी असहमती एका मुद्द्यावर आहे. आमचे दुःख देवाने भोगले म्हणून ते पवित्र ठरणार असेल, तर ते नष्ट करण्याची निकड कमी होण्याचा धोका आहे. बाबासाहेबांचा बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. तो जवळ येऊन रडत नाही. वाट दाखवतो आणि चालायला सांगतो. ज्याच्या जवळ कोणीच नव्हते त्या माणसाला जवळ येणाऱ्या देवाची ओढ का वाटते, हे मला समजते. पण तिथे पोहोचून थांबता येणार नाही.

हा केवळ तात्त्विक वाद नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची ओळख धर्माला बांधली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले; दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. राज्य म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही. चर्चमधील बाके आणि लग्नाच्या सोयरिकी वेगळे सांगतात. एकाच आजोबाची दोन नातवंडे कायद्याच्या दोन बाजूंना उभी आहेत, आणि १९९० पर्यंत हाच अन्याय सोसलेले आपण याविषयी पुरेसे बोलत नाही.

शास्त्राचे प्रयोजन अंतर मिटवणे हे असेल, तर हा निकष आपल्याही पुस्तकांना लागू आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लाल कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला, त्याला हार घातला आणि वाचायचा थांबवला, की त्याचीही पोथी होते. मनुस्मृती जाळणाऱ्या माणसाने आपले पुस्तक पूजेसाठी लिहिले नाही. रमाबाईंनी चर्चच्या सत्तेला जसे प्रश्न विचारले तसे आपल्या भिक्षूंना आणि पुढाऱ्यांना ग्रंथ हातात घेऊन विचारणारी मुलगी आपल्या विहारात निर्माण झाली पाहिजे. आणि निर्मळांनी चर्चला विचारले तसे प्रश्न मराठीत, जालन्या-नगरच्या बोलीत विचारणारा दलित ख्रिस्ती लेखक याच पानांवर लिहिता झाला पाहिजे. त्याचा देव मला मान्य नसेल. त्याच्या विहिरीचे पाणी मला हवे आहे.