तड्याची रेघ

ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातले एक घर बघता बघता साठ-सत्तर फूट खोल जमिनीत गेले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी असल्याचे तेव्हा सांगितले गेले. अशा वेळी पहिली आठवण होते ती खाणीच्या नकाशाची. गॅलऱ्या कुठून गेल्या, कोळशाचे खांब कुठे सोडले, हे तो सांगतो. पण त्यावर घर म्हणजे नखाएवढा चौकोन. कुठल्या भिंतीला, किती उंचीवर तडा आहे, ते वाचायचे तर इमारतीच्या ड्रॉइंगवर केलेली पाहणीची नोंदच हाती घ्यावी लागते.

आधी मांडणी बघावी. प्लॅनमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. तिथे तडा नुसती फुली होऊन बसतो. म्हणून जाणकार इंजिनिअर खोलीच्या चारही भिंती कागदावर शेजारी शेजारी उलगडतो. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा पुढच्या भिंतीवर शिरतो तेव्हा कागदावर त्याची रेघ अखंड राहते. खोलीत उभ्या असलेल्याला तेच दोन निराळे तडे वाटतात. बाहेरची बाजू काढताना डावे-उजवे पालटते. मुरलेला माणूस तिथे आतला-बाहेरचा तडा जुळवून पाहतो आणि जुळला तर ‘आरपार’ एवढेच लिहितो. प्लास्टरची भेग आणि भिंतीची भेग या एका शब्दाने वेगळी होते. काय नेमकेपणा आहे!

मग रेघ. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा तसाच चढता काढलेला असतो. विटा फोडून गेलेला सरळ. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८४च्या एसपी २५ या पुस्तिकेत १ मि.मी.पेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मि.मी.ची मध्यम आणि त्यापुढची रुंद मानली आहे. पण खरी गंमत एकाच तड्यावर तीन ठिकाणी घेतलेल्या मापांत असते. वर ४, मध्ये २, तळाशी केसाएवढी: म्हणजे भिंतीचे टोक खाली गेले असावे. हेच आकडे उलटे असले तर भिंतीचा मध्य बसला असावा. कागदावर ‘खचले’ हा शब्द कुठेही नसतो. अनुमान वाचणाऱ्यावर सोडणारा हा संयम मला सगळ्यात जास्त आवडतो. हल्लीच्या अहवालांत तो क्वचितच सापडतो.

तड्याच्या टोकाशी बारीक आडव्या रेघा असतात, प्रत्येकीवर तारीख. तडा कुठवर होता आणि कुठवर गेला, ते त्यांवरून कळते. आपल्याकडच्या काळ्या मातीत मे महिन्यात उघडलेली भेग पावसाळ्यात बहुधा मिटू लागते. जमीन खालून सरकत असेल, तर भेग ऋतू पाळत नाही. मे आणि ऑगस्ट, अशी दोन मापे एकाच रेघेवर शेजारी लिहिली की मातीचा दोष आणि खाणीची शंका वेगळी काढायला मोठा आधार मिळतो. इतक्या थोड्या शाईत इतके सांगणारी दुसरी नोंद मी पाहिलेली नाही.

कारखान्याच्या चिमणीची नोंदही अशीच: गोल अंग उलगडून आयत होतो, वरच्या कडेला चार दिशा लिहिल्या जातात आणि वेटोळे घेत गेलेली भेग तिरकी रेघ होऊन समोर येते. मोबाइलवरच्या नकाशातली खूण इथे लंगडी पडते. ती काही मीटर इकडेतिकडे सरकते, आणि एकावर एक असलेले मजले तिला सारखेच.

खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: तडा दिसला की लगेच लिंपू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलची रेघ मारून तारीख घाला, फूटपट्टी धरून फोटो काढा आणि भिंतीचे साधे चित्र काढून तडा त्यावर उतरवा. रेघ ओलांडून तो भराभर पुढे जाऊ लागला, तर मात्र चित्र काढत बसू नका. घराबाहेर पडा आणि नगर परिषदेला कळवा.