‘श्यामची आई’ आणि अनावर मूल

मराठी घरांत जी थोडी पुस्तके कपाटातून निघून देवघराशेजारी जाऊन बसली, त्यांत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची गणना करावी लागेल. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मुंजीत दिले जाते, शाळेच्या बक्षीससमारंभात दिले जाते आणि ज्या घरातले मूल ऐकत नाही त्या घरच्या आईला तर ते हमखास दिले जाते. या शेवटच्या प्रकाराविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ग्रंथाच्या थोरवीविषयी वाद घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यातून वाचक जो निष्कर्ष काढतो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

पोहण्याचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. श्याम भिऊन माळ्यावर दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, काठीने मारते आणि विहिरीवर धाडते. मागाहून त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तीच कळवळते आणि लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणावे हे आपणांस सहन झाले नसते, असे त्यास समजावून सांगते. श्यामचे मन विरघळते. पुढे तो पोहणे शिकतो आणि धडाही शिकतो. पुस्तकातील बहुतेक आठवणींची घडण अशीच आहे: अपराध, आईचा शब्द किंवा आसवे, पश्चात्ताप आणि त्यातून उमटलेला कायमचा संस्कार.

ही घडण कोठून आली? ती स्मरणाच्या धर्मातून आली, असे आमचे मत आहे. आश्रमातल्या मित्रांना रात्री रात्री आठवणी सांगणारा श्याम आता प्रौढ झाला आहे आणि त्याची आई हयात नाही. कृतज्ञ पुत्राच्या स्मृतीत तेच प्रसंग टिकतात ज्यांत आई जिंकली. ज्या दिवशी आईचे सांगणे वाया गेले, तो दिवस स्मृतीत उरत नाही आणि म्हणून पुस्तकातही येत नाही. हा ग्रंथाचा दोष नव्हे. हे त्याचे स्वरूपच आहे. परंतु मातृभक्तीचे हे स्तोत्र जेव्हा संगोपनाची संहिता म्हणून हाती दिले जाते, तेव्हा त्यातून एक क्रूर उपसिद्धांत निघतो: श्यामच्या आईने श्याम घडवला, तर तुमचा मुलगा घडत नाही यात उणीव कोणाची?

हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेलेला आहे. आमचा धाकटा मुलगा आठ वर्षांचा असताना जेवणाच्या पानावर पाच मिनिटे बसत नसे, रागाच्या भरात हाती येईल ते फेकी आणि शाळेतून दर आठवड्यास चिठ्ठी आणी. एका वडीलधाऱ्या आप्तांनी आमच्या सौभाग्यवतींना हे पुस्तक आणून दिले. हेतू शुद्ध होता; अर्थ मात्र त्यांना कळला. त्या रोज रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवू लागल्या. मुलगा मध्येच उठे, फेऱ्या मारी, पण ऐके. पोहण्याचे प्रकरण संपल्यावर त्याने विचारले, “आई, श्यामला हे सगळं दुसऱ्या दिवशीपण आठवायचं?”

साहित्य शिकवण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. पण या ग्रंथावरची इतकी नेमकी टीका आम्ही वाचलेली नाही. पश्चात्ताप आमच्या मुलालाही होई, आणि तो खरा असे. सकाळपर्यंत तो टिकत नसे, इतकेच. आम्ही मात्र त्यास निर्ढावलेला समजलो आणि काठीही उचलली, हे येथे कबूल केले पाहिजे.

अशा मुलाचे चित्र साहित्यात अगदीच नाही असे नाही. फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांना आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनाजोगते पुस्तक मिळेना, म्हणून १८४४ च्या नाताळासाठी त्यांनी स्वतःच एक सचित्र वही तयार केली. पुढल्या वर्षी ती छापली गेली. या ‘स्ट्रूव्हेलपेटर’मध्ये पुढे आलेला चुळबुळ्या फिलिप खुर्ची झुलवता झुलवता टेबलावरच्या कापडासकट सारे जेवण खाली ओढतो. बाप रागावतो, आई मुकाट पाहत राहते, आणि शेवटी दोघांनाही खायला काही उरत नाही. एवढेच. पुस्तक धाक घालणारे आहे. त्यात श्यामच्या आईची माया नाही. पण फिलिपला पश्चात्ताप झाला असेही ते सांगत नाही. या एका बाबतीत तो डॉक्टर अधिक प्रामाणिक ठरतो.

१९०२ साली जॉर्ज स्टिल या बालवैद्यांनी लंडन येथे व्याख्याने दिली, तेव्हा बुद्धीने चांगली असूनही शिक्षेने ज्यांच्यात फरक पडत नाही अशा मुलांचे त्यांनी वर्णन केले. आज वैद्यक ज्यास अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणते, त्या अवस्थेचा बराच भाग आनुवंशिक असतो. आईच्या संस्कारांत उणीव राहिल्याने ती उद्भवत नाही. आखीव दिनक्रम, एका वेळी एकच छोटी सूचना, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल आणि तेच तेच उद्या पुन्हा करण्याची तयारी, असे त्यावरचे घरगुती उपाय आहेत. काहींस औषधाचीही गरज लागते. यांपैकी एकाही उपायात नाट्य नाही. कथेला ते मानवणारे नाहीत.

हे सारे कळल्यानंतर आम्ही ‘श्यामची आई’ पुन्हा वाचले आणि काठीपेक्षा निराळ्या गोष्टींवर दृष्टी गेली. ही आई मुलाशी अबोला धरून बसत नाही. मारल्यानंतरही तीच जवळ येते आणि आपण असे का केले याचे कारण लहान मुलाला देते. दारिद्र्य, दुखणे आणि अपमान सोसत ती रोज हेच करत राहते. तिचा हा पुन्हा पुन्हा जवळ येण्याचा नेम प्रत्येक प्रसंगाखाली वाहतो आहे; वाचकाचे डोळे पाणावतात ते मात्र प्रसंगाच्या शेवटाने, म्हणून तो निसटून जातो. अनावर मुलाच्या आईस या ग्रंथातून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच, आणि ते तिच्यापाशी बहुधा आधीपासूनच असते.

तेव्हा हे पुस्तक अवश्य द्यावे. परंतु ज्या आईचा मुलगा आज ऐकत नाही, तिच्या हाती देताना ते मोजपट्टी म्हणून देऊ नये. श्यामच्या आईला श्याम लाभला होता, हे विसरून तिची थोरवी सांगणे इतर आयांवर अन्याय करणारे आहे.