यादीतली मुलं आणि 'क' तुकडी : 'पिग्मॅलियन' पुन्हा वाचताना

बी.एड., एम.एड. किंवा मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या कुणालाही विचारा, 'पिग्मॅलियन परिणाम' म्हणजे काय? उत्तर एका दमात येतं. शिक्षकांना काही मुलांची यादी दिली, ही मुलं यंदा चमकणार असं सांगितलं, यादी खरं तर चिठ्ठ्या टाकून काढावी तशी काढलेली होती, तरी वर्षअखेरीस ती मुलं खरंच चमकली. म्हणून शिक्षकांनी अपेक्षा उंच ठेवाव्यात. टीप लिहा, पाच गुण.

शालेय ताणावर पीएच.डी. करायची म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसलात की हेच वाक्य तुमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर येतं. पुढे कंसात 'रोझेन्थाल आणि जेकबसन, १९६८'. मूळ पुस्तक उघडलेलं नसतं. ते कुठल्या तरी गाईडबुकातून, तिथे कुठल्या तरी इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आलेलं असतं. आळस हा एक भाग झालाच, पण माझा मुद्दा वेगळा आहे. 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' हे पुस्तक त्याच्या सर्वांत कच्च्या निष्कर्षासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष जवळपास कुणी उद्धृत करत नाही. शाळेतल्या दबावावर काम करणाऱ्याला उपयोग मात्र त्या दुसऱ्याचाच आहे.

आधी प्रयोग नीट समजून घ्या. रॉबर्ट रोझेन्थाल हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ, लिनोर जेकबसन कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. पुस्तकात त्या शाळेचं टोपणनाव 'ओक स्कूल'. १९६४च्या वसंतात मुलांची एक चाचणी घेतली. शिक्षकांना तिचं नाव सांगितलं 'हार्वर्ड टेस्ट ऑफ इन्फ्लेक्टेड अ‍ॅक्विझिशन'. असं काही नसतंच; ती होती टोगा नावाची साधी क्षमता-चाचणी. उन्हाळी सुट्टीनंतर पहिली ते सहावीच्या १८ वर्गशिक्षकांना आपापल्या वर्गातल्या काही मुलांची नावं दिली. एकूण सुमारे २० टक्के मुलं. ही मुलं येत्या काळात बौद्धिक झेप घेतील, एवढंच सांगितलं. मग ठरावीक काळाने तीच चाचणी पुन्हा.

आता आकडे. वर्षभराने सगळ्या शाळेचा मिळून हिशेब असा : यादीतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १२.२ ने वाढला, बाकीच्यांचा ८.४ ने. फरक ३.८ गुणांचा. पण इयत्तावार तक्ता बघा. पहिलीत यादीतली मुलं २७.४ ने वाढली, बाकीची १२ ने. दुसरीत १६.५ आणि ७. तिसरीत दोन्ही गट सारखेच. चौथीत थोडासा फरक. पाचवी-सहावीत यादीतली मुलं बाकीच्यांच्या किंचित मागेच. म्हणजे 'शाळाभरचा' परिणाम हा मुख्यतः पहिली-दुसरीचा आहे. आणि त्या हिशेबात पहिलीची यादीतली मुलं किती? ७. दुसरीची? १२. एकूण १९ मुलांच्या खांद्यावर जगभरच्या बी.एड. अभ्यासक्रमातली एक टीप उभी आहे.

छोट्या गटात मोठा फरक दिसला की पहिला संशय मोजपट्टीवर घ्यायचा. रॉबर्ट थॉर्नडाइकने त्याच वर्षी, १९६८ मध्ये, परीक्षण लिहून तोच घेतला. टोगाची मानकं एवढ्या लहान मुलांसाठी पुरेशी नव्हती. पहिलीच्या एका वर्गात तर्कक्षमतेचा सरासरी बुद्ध्यांक निघाला होता ३१. थांबा आणि विचार करा. ३१ म्हणजे ज्या मुलाला रोजची साधी कामंही स्वतःची स्वतः करणं अवघड जाईल. असा अख्खा वर्ग रोज दप्तर घेऊन शाळेत येतो, पेन्सिल धरून चाचणी सोडवतो, हे शक्यच नाही. मुलं कमी पडत नव्हती, चाचणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आणि जिथे पहिलं मोजमाप जमिनीला टेकलेलं असतं, तिथे दुसऱ्या वेळी ते वरच जाणार. खाली जायला जागाच कुठे आहे? १९७१ मध्ये एलाशॉफ आणि स्नो यांनी सगळी आकडेवारी पुन्हा चाळली आणि तेही याच दिशेला गेले.

हे वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात : 'मग ते सगळं खोटं.' तसंही नाही. पुढच्या काळात असे बरेच प्रयोग झाले. स्टीफन रॉडेनबुशने १९८४ मध्ये त्यांतले १८ एकत्र मांडून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. मेटा-अ‍ॅनालिसिस काय साधू शकतं याचा नमुना म्हणून ते जरूर वाचा, कारण 'परिणाम आहे की नाही' या कंटाळवाण्या वादात न अडकता त्याने विचारलं, कधी आहे? उत्तर सुंदर निघालं. शिक्षकाला ती मुलं आधीपासून माहीत असतील, अगदी दोन आठवडे जरी, तर खोट्या यादीचा परिणाम जवळपास शून्यावर येतो. मुलं नवी असतील तर दिसतो. आणि इयत्तांमध्ये तो पहिली-दुसरीबरोबर सातवीतही दिसतो. सातवीतच का? कारण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मुलं तेव्हा शाळा बदलतात. नवी शाळा, नवे शिक्षक, कुणाविषयी काही माहीत नाही.

आपल्याकडे हे लगेच लावून बघता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हायस्कुलात, कुठे पाचवीला तर कुठे आठवीला, मग अकरावीला. मूल अनोळखी असतं तेव्हा कागद बोलतो. शाळेतला दबाव मोजायचा म्हणून सगळे दहावी-बारावीकडे धावतात. माझ्या मते जास्त रिकामी जागा या सांध्यांवर आहे.

२००५ मध्ये जसिम आणि हार्बर यांनी एकूण संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष असा : वर्गात स्वतःच खरी ठरणारी भाकितं असतात, पण त्यांचा परिणाम सहसा लहान असतो, समाजात आधीच कमी लेखल्या गेलेल्या गटांतल्या मुलांवर तो मोठा असू शकतो. हे वाक्य टिपेत बसत नाही. म्हणून टीप बदलत नाही.

आता ज्या निष्कर्षासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. ओक स्कूलमध्ये प्रत्येक इयत्तेचे तीन वर्ग होते : वेगवान, मध्यम, मंद. मुख्यतः वाचन कसं येतं त्यावरून मुलं वाटलेली. म्हणजे आपल्या भाषेत अ, ब, क तुकड्या. शाळेतली साधारण सहावा हिस्सा मुलं मेक्सिकन कुटुंबांतली होती आणि मंद तुकडीत त्यांचं प्रमाण जास्त होतं. आपल्याला हे ऐकून काही नवल वाटू नये. 'दहावी फ' (२००२) हा सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा सिनेमा पाहिला असेल तर तुकडीचं अक्षर म्हणजे नुसतं अक्षर नसतं हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

वर्षअखेरीस शिक्षकांना सगळ्या मुलांविषयी विचारलं : कोण उत्सुक, कोण आनंदी, कोण पुढे यशस्वी होईल. यादीतल्या मुलांविषयी चांगलं बोललं गेलं, हे अपेक्षितच. पण यादीत नसलेली काही मुलंही वर्षभरात वाढली होती. त्यांच्याविषयी काय? जितकी जास्त वाढ, तितकं मत प्रतिकूल, आणि हे सगळ्यांत ठळक होतं मंद तुकडीत. ज्याच्याकडून कुणी काही अपेक्षिलं नव्हतं ते मूल पुढे आलं, तर त्याचं कौतुक होत नव्हतं. ते खुपत होतं. एवढंच नव्हे. मंद तुकडीतल्या यादीतल्या मुलांनाही वेगवान तुकडीतल्या यादीतल्या मुलांएवढी पसंती मिळाली नाही, वाढ मात्र तुलनेने तेवढीच होती. 'हे मूल चमकणार' असं हार्वर्डच्या नावाने लिहून दिलं तरी वर्गाच्या दारावरची पाटी त्यावर भारी पडली.

थांबा. याला लगेच सिनॉप्सिसमध्ये चिकटवू नका. मघाशी मोजपट्टीविषयी जे बोललो ते इथेही लागू आहे, उलट जास्तच. सगळ्यांत बिनभरवशाचे बुद्ध्यांक मंद तुकडीचेच असणार, त्यामुळे कुठल्या मुलाची 'वाढ' खरी आणि कुठल्याची चाचणीच्या लहरीची, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय कार्यकारण कुठल्या दिशेचं? कदाचित ज्या मुलांनी वर्गात जास्त प्रश्न विचारले, शांत बसली नाहीत, तीच वाढली आणि तीच शिक्षकांना त्रासदायक वाटली. हा सहसंबंध आहे, प्रयोगाचा निकाल नव्हे. पुरावा म्हणून मी त्याला फार गुण देणार नाही. प्रश्न म्हणून मात्र पूर्ण देईन.

कारण हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकखोलीत ओळखीचा आहे. क तुकडीतल्या मुलाला घटक चाचणीत २५ पैकी २२ पडले. पहिला प्रश्न काय येतो? 'कुणाचं बघून लिहिलंस?' अ तुकडीतल्या मुलाला तेवढेच पडले तर विचारतात, 'तीन कुठे गेले?' दोन्ही प्रश्न दबाव टाकतात, पण एकाच जातीचा नव्हे. दुसऱ्या मुलाला अपेक्षेचं ओझं आहे. पहिल्याला अपेक्षा मोडल्याची शिक्षा आहे. आपल्या ताणमापन प्रश्नावल्या बघा : 'आई-वडिलांच्या माझ्याकडून खूप अपेक्षा आहेत', 'कमी गुण मिळतील अशी भीती वाटते', पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. सगळी विधानं अ तुकडीच्या मुलाला समोर ठेवून लिहिलेली. क तुकडीतलं मूल 'असहमत'वर खूण करतं, त्याचा ताण कमी येतो, आणि प्रबंधात वाक्य उमटतं की 'अल्पसंपादन असणाऱ्या विद्यार्थ्यांत शैक्षणिक ताण तुलनेने कमी आढळला.' ओक स्कूलच्या पहिलीतला तो ३१ आठवा. मोजपट्टी पोचली नाही आणि दोष मुलाच्या खात्यात जमा झाला. तुमच्या प्रबंधातलं ते वाक्य उद्या एखाद्या मुख्याध्यापकांच्या हातात पडलं, तर समुपदेशकाचा तास कुठल्या तुकडीला मिळेल हे त्यावरून ठरू शकतं. म्हणून मी एवढी भांडते आहे.

रोझेन्थाल-जेकबसन यांच्यावर माझा खरा आक्षेप आकडेमोडीचा नाहीच. अपेक्षा कुठे राहते, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला पटत नाही. त्यांच्या मांडणीत ती शिक्षकाच्या मनात राहते, डोळ्यांतून, आवाजातून मुलापर्यंत जाते. पण त्यांच्याच अभ्यासात शिक्षकांना यादीतली नावं पुढे नीट आठवतसुद्धा नव्हती. तुकडी मात्र कुणीच विसरत नव्हतं, कारण ती आठवावी लागत नाही. ती वेळापत्रकात, हजेरीपटावर, दारावर असते. टीकाकारांनीही हे सोडलं. त्यांचं लक्ष चाचणीवर होतं आणि तिथे ते बरोबर होते, पण चाचणी बाद केल्यावर तुकडीचा प्रश्नही सोबत टोपलीत गेला. गंमत म्हणजे पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'हॉब्सन विरुद्ध हॅन्सन' खटल्यात न्यायाधीश स्केली राइट यांनी वॉशिंग्टन शहरातल्या शाळांची ट्रॅक पद्धत रद्द करायला सांगितली होती. न्यायालय व्यवस्थेपर्यंत पोचलं होतं. आपण अजून 'शिक्षकांनी सकारात्मक दृष्टिकोन ठेवावा' या शिफारशीवर आहोत. त्या शिफारशीचा खर्च शून्य असतो, म्हणून ती सगळ्यांना आवडते.

तर यावर काम करायचं असेल तर शिक्षक-अभिवृत्ती मापनश्रेणी जरा बाजूला ठेवा. सत्तर पटाच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला 'तुम्ही सर्व मुलांना समान मानता का?' विचारून 'होय'शिवाय काय मिळणार? कागद मागा. जूनमध्ये तुकड्या कशावरून पाडल्या, मागच्या वर्षीच्या निकालपत्रकावरून की सेमीला नाव घातलं त्यावरून? वर्षाच्या मध्यात किती मुलांची तुकडी बदलली, आणि वर गेली की खाली? गणिताचे अनुभवी शिक्षक कुठल्या तुकडीला आणि बदलीवरचे कुठल्या? २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात मुलांविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, त्या वाचा. बऱ्याचशा तयार यादीतून उतरवलेल्या असतात हे मान्य, पण कुठल्या मुलासाठी कुठलं तयार वाक्य उचललं जातं, हासुद्धा डेटाच आहे. ज्यांचे गुण दोन सत्रांत स्पष्ट वाढले अशी मुलं दोन्ही तुकड्यांतून काढा आणि त्यांच्या दुसऱ्या सत्रातल्या नोंदी शेजारी ठेवून बघा. यात खोटी यादी लागत नाही, कुणाला फसवावं लागत नाही, त्यामुळे नैतिकता समितीपुढेही सोपं जातं. शाळेची लेखी परवानगी आणि पालकांची संमती मात्र आधी घ्या, आणि नोंदी उतरवताना मुलांची नावं तिथेच काढून क्रमांक टाका.

परवानगी मागताना मुख्याध्यापक बहुधा म्हणतील, 'आमच्याकडे गुणांवर तुकड्या नाहीत.' वाद घालू नका. सगळ्या तुकड्यांचा पहिल्या सत्राचा निकाल मागून घ्या आणि सरासरी काढा.